वाकड्या जमिनीवर सरळ उंबरा

जुन्या घरात शॉवरच्या जागेला उंबरा बांधून त्यावर टाइल बसवायची, तर जमिनीवरून माप घेऊ नका. वर्षानुवर्षांत ती कुठे खचलेली असते, कुठे फुगलेली. गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात ती याचसाठी. नळीची दोन्ही तोंडं उघडी, दोन्हीकडे हवेचा दाब सारखा. म्हणून पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर थांबतं. (नळीत बुडबुडा मात्र राहता कामा नये.) त्या पातळीवर दोन्हीकडे खुणा करा, त्यांवरून उंबऱ्याचा माथा आधी ठरवा, जमिनीचा चढउतार खालच्या टाइल कमीजास्त कापून सामावून घ्या.

माथा लांबीत सपाट असला, तरी रुंदीत त्याला आतल्या बाजूला ढाळ हवाच: 10 सेंटिमीटरला साधारण 2 मिलिमीटर.

खरं महत्त्वाचं काम टाइलखाली असतं. सिमेंटच्या सांध्यांतल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने आत शिरतंच. म्हणून वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीपासून माथ्यावरून बाहेरच्या अंगापर्यंत सलग हवा, कोपऱ्यांत जाळीची पट्टी घालून. टाइल लावण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करून 24 तास पाणी साठवा आणि खालच्या मजल्याचं छत तपासा.