बोअर तोच, पिस्टन वेगळा

शीव-पनवेल महामार्गावर सानपाड्याजवळ संध्याकाळी गाड्या तुंबल्या की हायब्रिड गाडी लगेच ओळखू येते. रांगेत ती पुढे सरकते, पण इंजिनाचा आवाज येत नाही. बॅटरी उतरली की इंजिन सुरू होतं, थोडं चालतं आणि पुन्हा गप्प बसतं. वाशीचा खाडीपूल येईपर्यंत हे किती वेळा झालं, याचा चालकाला पत्ता नसतो. बेअरिंगना मात्र प्रत्येक वेळ सोसावी लागते. क्रँक फिरू लागल्यावरच तिच्याखाली तेलाचा थर नीट धरतो, त्यामुळे झीज होते ती मुख्यतः सुरुवातीच्या फेऱ्यांत. हायब्रिड इंजिनाच्या शेल, रिंगा आणि पाण्यासारखं पातळ तेल यांची निवड ही उघडझाप धरूनच केलेली असते.

भारतात प्रियस 2010 मध्ये आली आणि कॅमरी हायब्रिड 2013 मध्ये. त्या पिढीची इंजिनं आता उघडायच्या वयाची झाली आहेत. कंपनीचे नवे भाग महाग पडतात, मग मालक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल शोधायला जातो. तिथलं ठरलेलं वाक्य असतं, ‘सेम टू सेम आहे, बसून जाईल.’ बसतं, हे खरं आहे. चालेल की नाही, हा प्रश्न निराळा.

प्रियसचं आणि कोरोला ॲल्टिसचं 1.8 लिटरचं इंजिन शेजारी शेजारी ठेवा. कुटुंब एकच, टूझेडआर. बोअर 80.5 मिलिमीटर, स्ट्रोक 88.3, दोन्हींत तेच. पण ॲल्टिसचं कॉम्प्रेशन 10 ला 1 आहे आणि प्रियसचं 13 ला 1. आपल्या साध्या पेट्रोलवर 13 चं कॉम्प्रेशन नॉक न करता चालतं, याचं कारण इनटेक कॅममध्ये आहे. पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडाच राहतो आणि आत घेतलेल्या हवेतली काही परत ढकलली जाते. म्हणजे दाबली जाते थोडीच हवा, फुगायला मात्र पूर्ण स्ट्रोक मिळतो. यालाच ॲटकिन्सन चक्र म्हणतात. प्रियसच्या पिस्टनवर ॲल्टिसचा इनटेक कॅम चढवला तर सगळी हवा 13 पटीने दाबली जाईल आणि इंजिन ठोके देऊ लागेल. ॲल्टिसचे पिस्टन प्रियसच्या कॅमखाली घातले तर आधीच कमी दाबली जाणारी हवा आणखी कमी दाबली जाईल, आणि गाडी मेल्यासारखी ओढेल. त्यातून ॲल्टिसचा पाण्याचा पंप पट्ट्यावर चालतो आणि प्रियसचा विजेवर, प्रियसच्या इंजिनाला पट्टाच नाही. म्हणून पिस्टन आणि कॅम एकाच संचातले घ्यावेत, त्यात तडजोड नको.

नव्या गाड्यांत तर नावावर अजिबात जाऊ नये. ग्रँड व्हिटाराच्या माइल्ड हायब्रिडमध्ये सुझुकीचं 1462 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, स्ट्राँग हायब्रिडमध्ये टोयोटाचं 1490 सीसीचं तीन सिलिंडरचं. गाडी एकच आणि फरक जेमतेम 28 सीसीचा, पण एकाचा बोअर 74 आणि दुसऱ्याचा 80.5. उलट ते तीन सिलिंडरचं इंजिन आणि इनोव्हा हायक्रॉसचं 1987 सीसीचं इंजिन यांचा बोअर-स्ट्रोक तंतोतंत सारखा आहे, 80.5 आणि 97.6. तिथे फरक फक्त एका सिलिंडरचा. तरीही व्यास जुळला म्हणून पिस्टनचं डोकं, पिनची जागा आणि रिंगांचा ताण जुळलाच असं धरता येत नाही. पार्ट नंबर बघायलाच हवा.

सगळ्यात नाजूक काम मेन बेअरिंगचं. टोयोटाच्या ब्लॉकवर आणि क्रँकवर प्रत्येक जर्नलसाठी बारीक आकडे कोरलेले असतात. दोन्हींची बेरीज करायची, पुस्तिकेतला तक्ता उघडायचा आणि त्या बेरजेला सांगितलेल्या जाडीची शेल घ्यायची. होंडात आकडे आणि अक्षरं जुळवली की रंग निघतो, आणि तोच रंग शेलच्या कडेला लावलेला असतो. एका रंगापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक काही मायक्रॉनचाच, बोटाला लागत नाही. क्रँक एका गाडीची आणि ब्लॉक दुसरीचा असेल तर जुन्या शेल फेकून बेरीज नव्याने करावी लागते, आणि मग प्लास्टिगेजची पट्टी दाबून क्लिअरन्स ताडून पाहायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मेकॅनिक खरा कसा आहे ते इथेच दिसतं.

सरमिसळ मुळात वाईट, असं माझं म्हणणं नाही. होंडाचे शौकीन बी18बीच्या ब्लॉकवर बी16एचं व्हीटेक हेड बसवतात आणि ते उत्तम पळतंही. पण त्या ब्लॉकमधून व्हीटेकला तेल जात नाही, म्हणून ते बाहेरून नळी ओढतात, आणि पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो का हे मातीचा गोळा ठेवून आधी तपासतात. ‘बसून जाईल’ म्हणणारे एवढं करत नाहीत.

हेड गॅस्केट आणि ताणून बसणारे हेड बोल्ट नवेच घ्यावेत, तिथे पैसे वाचवू नयेत. प्रियससारख्या इंजिनात ईजीआर कूलर काजळीने तुंबतो. हेड उतरवलंच आहे तर तोही साफ करून घ्यावा, नाहीतर खर्च पुन्हा दारात येतो. हाय व्होल्टेजच्या केशरी वायरींना हात लावण्याआधी सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबावं.

ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. एमएच-43 च्या गाडीला आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते, नाहीतर विमा कंपनीला दावा अडवायला आयतं निमित्त मिळतं. म्हणून इंजिन खोलायला देण्याआधी आपला चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबरांची छापील यादी काढून घ्या, आणि जुना भाग घ्यायचाच असेल तर तो कोणत्या इंजिन नंबरचा आहे ते बिलावर लिहून घ्या. विक्रेता लिहून देत नसेल तर तो भाग घेऊ नका.