पायथन आहे, पण सापडत नाही

कोरपना-गडचांदूरकडे वर्गासाठी घरच्या लॅपटॉपवर पायथन टाकणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार ठरलेली: 'इन्स्टॉल केलं, पण चालतच नाही.' मग काढायचे, पुन्हा टाकायचे. ही मेहनत सहसा वाया जाते.

पायथन बहुधा नीट बसलेले असते. अडते ते 'पाथ'पाशी (आज्ञा मिळाल्यावर संगणक ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतो त्यांची यादी). नव्या ले-आउटमध्ये घर बांधून तयार, पण पोस्टमनच्या फेरीत ती गल्लीच नाही, तसे हे. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'पायथन' टाइप केले की कधी आज्ञा ओळखता येत नसल्याचा इंग्रजी संदेश येतो, तर कधी सरळ मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. त्यामुळे पायथन विकत घ्यावे लागते असे काहींना वाटते. ते १९९१ पासून फुकटच आहे.

पायथन डॉट ऑर्गवरून उतरवलेल्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी, पाथमध्ये जोडण्याची चौकट असते. तिच्यावर आधीपासून टिक नसते, म्हणून नजर चुकते. राहून गेलीच, तर तोच इन्स्टॉलर उघडून 'मॉडिफाय' निवडा आणि पुढच्या पर्यायांत ती टिक करा. नंतर काळी खिडकी बंद करून नवी उघडा. जुनी खिडकी जुनीच यादी धरून बसते.