तंजावर : परक्या पाण्यावर पिकणारे भाताचे कोठार

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांची गादी, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराचे गगनचुंबी शिखर आठवते. हे सारे खरेच आहे. परंतु ज्या बळावर गादी टिकली, ग्रंथ जमले आणि शिखर उभे राहिले, ते बळ शेतात पिकणाऱ्या भाताचे होते. तंजावर हे राजांचे शहर होण्याआधी शेतकऱ्यांचे होते आणि राजे गेल्यावरही ते शेतकऱ्यांचेच राहिले. सव्वादोन लाखांच्या घरात लोकवस्ती असलेल्या या शहराचा बाजार, सण, कर्ज, लग्नसराई आणि राजकारण आजही एकाच प्रश्नाभोवती फिरते : कावेरीला पाणी केव्हा येणार?

म्हादईच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या गोमंतकीयांना हा प्रश्न परका वाटू नये.

नावामागचा असुर

शहराच्या नावाची दंतकथा अशी. तंजन नावाचा एक असुर या प्रदेशात धुमाकूळ घालीत होता. नीलमेघ पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि देवी आनंदवल्ली यांनी त्याचा वध केला. मरताना त्याने एकच मागणे मागितले, या गावाला माझे नाव द्यावे. देवांनी ते मान्य केले. पराभूताचे नाव विजेत्याने जपावे, ही कल्पना आपल्याकडेही अपरिचित नाही. म्हापशाच्या किंवा पेडण्याच्या बाजारात नरकचतुर्दशीला नरकासुराच्या प्रतिमा पाहणाऱ्यांना तर ती सहज समजेल.

नदीचीही कथा आहे. अगस्त्य ऋषींच्या कमंडलूत कावेरी बंदिस्त होती. गणपतीने कावळ्याचे रूप घेऊन कमंडलू कलंडला आणि पाणी वाहू लागले. तमिळ शेतकरी ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगतो. अडवलेले पाणी कोणीतरी मोकळे केले तेव्हाच आपले शेत पिकले, हा तिचा गाभा त्याच्या रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

वाळूवरचा बांध

कोडगूमधील तलकावेरी येथे उगम पावणारी कावेरी सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिरुचिरापल्लीच्या पुढे तिला फाटे फुटतात आणि त्रिभुज प्रदेश सुरू होतो. या प्रदेशाच्या तोंडाशीच ‘कल्लणै’ हा दगडी बांध आहे. तो चोळ राजा करिकालाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास बांधला असे मानले जाते. करिकाल म्हणजे जळक्या पायाचा. बालपणी शत्रूंनी लावलेल्या आगीतून निसटताना त्याचा पाय भाजला, अशी आख्यायिका आहे.

या बांधाचे काम पाणी साठवण्याचे नाही, ते वाटण्याचे आहे. कावेरीच्या शेजारून वाहणारा कोल्लिडम हा फाटा अधिक सखल आहे. मोकळे सोडल्यास पाणी तिकडे धावते आणि समुद्राला मिळते. ते रोखून शेतीच्या बाजूला वळवणे, आणि पूर आला तर जादा पाणी कोल्लिडममध्ये सोडून देणे, हे कल्लणैचे दुहेरी काम. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीच्या मुखाशी गाळ साचला आणि शेतीचे पाणी आटू लागले. तेव्हा आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८३६ मध्ये कोल्लिडमवर नवे बंधारे घातले. खोल वाळूत पाया कसा घालावा हे आपण या जुन्या बांधावरून शिकलो, अशी कबुली त्याने दिली होती.

मुख्य बांध राजाचा असला, तरी गावोगावच्या चाऱ्या आणि तळी राखण्याचे काम गावकऱ्यांचे होते. उन्हाळ्यात प्रत्येक घराने माणूसबळ द्यायचे आणि गाळ काढायचा, या रीतीला तमिळमध्ये ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. आपल्याकडील गावकरी संस्थेने खाजन शेतीचे बांध आणि मानसी ज्या सामुदायिक शिस्तीने राखल्या, त्याच जातीची ही व्यवस्था. दोन्हीकडे ती मोडकळीस आल्यावर काय होते, हेही दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे.

भातावर उभे राहिलेले मंदिर

इ.स. ८५० च्या सुमारास विजयालय चोळाने तंजावर जिंकून घेतले आणि तेथे निशुंभसूदिनी देवीचे मंदिर बांधले. त्याच्या वंशातील पहिल्या राजराजाने इ.स. १००० च्या सुमारास राज्यातील जमिनीची मोजणी करवली आणि १०१० मध्ये बृहदीश्वर मंदिर पूर्ण केले. दोनशे फुटांहून उंच शिखराचे हे मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मंदिराच्या भिंतींवरील शिलालेख म्हणजे एका अर्थी जमाखर्चाची वहीच आहे. कोणत्या गावाने किती भात द्यायचे, दिव्याच्या तुपासाठी कोणी किती जनावरे सांभाळायची, हे त्यांत कोरलेले आहे. मंदिराच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे त्यांत आहेत. प्रत्येकीला राहण्यास घर आणि वर्षाला शंभर कलम भात अशी नेमणूक होती. गवई, वादक, शिंपी, सोनार, हिशेबनीस अशा सर्वांचे वेतन भाताच्या मापातच ठरले होते. सुवर्णाच्या दानांची यादी मोठी असली, तरी मंदिराचा रोजचा गाडा भातावरच चालत असे.

अशा वास्तूभोवती दंतकथा जमणे स्वाभाविकच होय. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे भाविक सांगतात. ती पडते, पण तळाचा विस्तार मोठा असल्याने भर दुपारी ती त्या विस्तारातच मावते. शिखरावरचा दगड एकसंध असून तो चढवण्यासाठी दूरच्या सारपळ्ळम् गावापासून मातीचा उतार रचला होता, अशीही कथा आहे. पुढील मंडपातला भव्य नंदी वाढतच चालला होता, म्हणून त्याच्या मस्तकात खिळा ठोकावा लागला, ही गोष्ट मुलांना विशेष आवडते. वास्तविक हा नंदी चोळांचा नव्हे, नंतरच्या नायक राजांच्या काळचा आहे.

मराठी राजे आणि त्यांचे अन्नछत्र

नायकांच्या अखेरच्या भाऊबंदकीत विजापूरच्या वतीने शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरात आले आणि १६७६ च्या सुमारास गादीवर बसले. १८५५ मध्ये इंग्रजांनी वारस नसल्याचे कारण दाखवून ती गादी खालसा केली. जवळपास एकशे ऐंशी वर्षे कावेरीच्या काठी मराठी ही दरबारची भाषा होती.

या काळाने मराठीला पुष्कळ दिले. व्यंकोजीपुत्र शहाजीराजांच्या दरबारात मराठी नाटके लिहिली गेली, ती विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’च्या सव्वाशे वर्षांहूनही आधी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत सरस्वती महालाचा संग्रह वाढवला, देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीतीच्या कथा मराठीत छापवल्या. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. राजराजाच्या तमिळ जमाखर्चाच्या आवारातच हा मराठी लेख आहे.

या वैभवाचा खर्चही भातसाऱ्यातूनच निघत असे. म्हणून १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीत शेते आणि कालवे उद्ध्वस्त झाले, तेव्हा राज्याचा कणाच मोडला. पुढे १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. सरफोजीराजांच्या हाती किल्ला, ग्रंथ आणि प्रवाशांना जेवू घालणारी छत्रे एवढेच उरले. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र आजही त्याची साक्ष देत उभे आहे.

सांबाराची कथा याच दरबारातली. आमटीला लागणारी आमसुले संपली म्हणून चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून पदार्थाला ‘सांबार’ नाव पडले, असे सांगतात. या कथेला कागदोपत्री आधार नाही. मात्र गोमंतकीय स्वयंपाकघरात सोलांवाचून होणारी अडचण ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ती खोटी ठरवणे जड जाईल!

बारा जूनची वाट

तंजावरचे वर्ष भाताच्या तीन हंगामांत वाटलेले आहे. जूनमध्ये सुरू होणारे अल्पमुदतीचे ‘कुरुवै’, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचे लांब मुदतीचे ‘सांबा’ आणि कुरुवै कापल्यावर त्याच शेतात घेतले जाणारे ‘ताळडी’. आपल्याकडे सरद आणि वायंगण, तसेच हे. फरक असा की आपला सरद हंगाम आभाळावर चालतो, तर कुरुवै धरणावर. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तंजावरला फारसा भिजवीत नाही. तो कोडगूत आणि केरळच्या डोंगरात पडतो आणि कर्नाटकातून वाहत मेट्टूर धरणात येतो. तंजावरचा स्वतःचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा.

मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. दरवर्षी १२ जूनला त्याचे दरवाजे उघडण्याचा प्रघात आहे. तीन-चार दिवसांनी पाणी कल्लणैला पोहोचते. तेथे भाताचे दाणे आणि फुले उधळून त्याचे स्वागत होते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, ‘आडिप्पेरुक्कु’ हा नदीचा सण येतो. स्त्रिया काठावर हळद, फुले, काळे मणी वाहतात, मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलतात आणि चिंचभात, लिंबूभात, दहीभात वाळूत बसून खातात. नदी कोरडी असेल त्या वर्षी हाच सण नळाच्या पाण्यावर उरकावा लागतो.

अशी वर्षे थोडी नाहीत. पाण्याअभावी २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे १२ जूनचा मुहूर्त हुकला. २०२० मध्ये तो पुन्हा साधला. २०२३ मध्ये पाणी वेळेवर सुटले, पण पुढे आटले आणि उशिरा लावलेले कुरुवै करपले. २०२४ मध्ये दरवाजे उघडायला २८ जुलै उजाडला. पाणी उशिरा आले की कुरुवै बुडते. सांबा उशिरा लावावा लागला की ऐन भरात तो ईशान्य मोसमी पावसाच्या तडाख्यात सापडतो.

भात हाती आले तरी चिंता संपत नाही. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. अवकाळी पाऊस पडला की दाणा त्याहून ओला भरतो. मग शेतकरी डांबरी रस्त्यावर भात पसरतात, ताडपत्री घालतात, रात्री राशीशेजारीच झोपतात आणि मर्यादा शिथिल करण्याची मागणी दिल्लीपर्यंत जाते. रस्त्याच्या एका बाजूला वाळत घातलेले भात आणि दुसऱ्या बाजूने जाणाऱ्या बसगाड्या, हे या भागातले नेहमीचे दृश्य आहे.

कोठाराची काळी बाजू

भाताच्या कोठाराचे गोडवे गाताना ते कोणाच्या श्रमावर भरले, हे विसरता येणार नाही. जमीन मिरासदारांची आणि देवस्थानांची, राबणारे हात बहुतांशी दलितांचे. १९५२ च्या कायद्याने कुळांना आणि शेतगड्यांना काही संरक्षण मिळाले. परंतु २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात, मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ माणसे जिवंत जाळली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. उच्च न्यायालयात जमीनदार आरोपी निर्दोष सुटले. मजुरी म्हणून मिळणाऱ्या भाताच्या मापात थोडी वाढ, एवढीच मूळ मागणी होती.

पाण्याचा निवाडा

कावेरीचे पाणी कोणी किती घ्यावे, याचे करार १८९२ आणि १९२४ मध्ये झाले. १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला. तमिळनाडूला ४०४.२५, कर्नाटकाला २८४.७५, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७ टीएमसी असा हा वाटा आहे. पुरेसा पाऊस पडलेल्या वर्षी ही विभागणी निभावते. दुष्काळात तूट कशी वाटावी यावर मात्र दर वेळी नव्याने भांडण होते. कागदावरचा वाटा आणि शेताच्या बांधावर पोहोचणारे पाणी यांत मोठे अंतर आहे, हे तंजावरचा शेतकरी जाणतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडूने कायदा करून हा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवला आणि तेथे तेल व वायूच्या नव्या उत्खननाला बंदी घातली. त्यामुळे जमीन वाचण्याची आशा निर्माण झाली, पण तिला लागणारे पाणी अजून दुसऱ्या राज्यातूनच यायचे आहे.

म्हादई लवादानेही ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी देणाऱ्या त्या निवाड्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कावेरीप्रमाणेच येथेही आपण नदीच्या खालच्या अंगाला आहोत. तंजावरच्या इतिहासातून गोव्याने घ्यायचा बोध साधा आहे. निवाड्यात आकडा मिळवणे आवश्यक आहे, पण तुटीच्या वर्षी काय करायचे हे त्यात लिहून घेणे अधिक आवश्यक आहे. आणि पाणी आले तर ते घेण्यासाठी आपले बांध, मानसी आणि शेते जागेवर असली पाहिजेत. करिकालाचा बांध जवळपास दोन हजार वर्षे उपयोगी पडला, कारण त्याच्या पलीकडे भात लावणारे लोक प्रत्येक पिढीत होते.