कूलंटचा रंग पाहू नका

मी मैसूरच्या कुवेंपुनगरातून बोलतोय. माझी जुनी मारुती ८०० उटीच्या घाटात तापली. चूक माझीच, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं, त्यातल्या क्षारांनी रेडिएटर चोंदला.

हिरवा-लाल हा नुसता रंग. खरा फरक आतल्या गंजरोधकांचा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घ्या, दोन प्रकार मिसळू नका.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टोपी उघडा, नाहीतर वाफेने भाजाल. जुनं काढा, आत धुवा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा; तयार मिश्रण असेल तर पाणी नको. टोपी उघडीच ठेवून इंजिन चालवा; बुडबुडे थांबले की पातळी भरून टोपी लावा.

काढलेलं कूलंट गोडसर पण विषारी असतं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.