कर, नोंदणी आणि संविधान : अमेरिकेतील शस्त्रकायद्याचे उदाहरण

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
१. कायद्यातील संज्ञा आणि तिचे प्रत्यक्ष कार्य यांतील भेद सांगता येईल;
२. अमेरिकेच्या शस्त्रनोंदणी कायद्याला दिलेल्या प्रमुख न्यायालयीन आव्हानांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, दैनंदिन व्यवहारात शब्दाचा अर्थ थोडा सैल राहिला तरी काम अडत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र एका शब्दाच्या अर्थावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते. ‘कर’ हा असाच एक शब्द आहे. राज्याच्या तिजोरीत भर घालण्यासाठी आकारलेली रक्कम म्हणजे कर, हा आपला परिचित अर्थ. परंतु ज्या आकारणीचा मुख्य हेतू महसूल नसून नियंत्रण हा आहे, तिलाही कर म्हणावे काय? अमेरिकेतील न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार आला आहे.

२. कायद्याची पार्श्वभूमी

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १९३४ मध्ये राष्ट्रीय शस्त्र कायदा संमत केला. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन, तसेच सायलेन्सर यांच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसविण्यात आला आणि त्यांची नोंदणी आवश्यक ठरली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

सरळ बंदी न घालता कराचा मार्ग का स्वीकारला? अमेरिकेच्या संविधानाने केंद्राला मोजकेच अधिकार दिले असून कायदा-सुव्यवस्थेचा सर्वसाधारण अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. कर बसविण्याचा अधिकार मात्र केंद्राकडे निःसंशय होता. आपल्याकडे अशा आडवाटेची गरज पडत नाही. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत शस्त्रे हा विषय स्पष्टपणे नोंदविलेला आहे.

३. न्यायालयीन आव्हाने

(अ) कर की दंड? १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालमजुरांना कामास ठेवणाऱ्या मालकांच्या नफ्यावरील कर रद्द केला होता. नाव कराचे असले तरी तो वस्तुतः दंड आहे, असे त्याचे कारण दिले गेले. शस्त्रकायद्याविरुद्ध हाच युक्तिवाद १९३७ च्या सॉन्झिन्स्की खटल्यात झाला, पण तो टिकला नाही. प्रत्येक कर काही प्रमाणात नियमन करतोच आणि कायदेमंडळाच्या मनातील हेतू शोधणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असा निर्णय झाला. नोंदणीची तरतूद महसूलवसुलीला साहाय्यभूत असल्याने तीही वैध ठरली. हे कारण लक्षात ठेवावे. पुढे त्याचे महत्त्व दिसेल.

(आ) शस्त्र बाळगण्याचा हक्क. १९३९ च्या मिलर खटल्यात संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीचा आधार घेण्यात आला. आखूड शॉटगनचा सुनियंत्रित नागरी सैन्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही, म्हणून तिला संरक्षण नाही, असे न्यायालयाने एकमताने ठरविले. आरोपींच्या वतीने तेथे कोणी बाजूच मांडली नव्हती. या दुरुस्तीच्या आरंभी नागरी सैन्याचा उल्लेख येतो. तो पुढील हक्काला मर्यादा घालतो की केवळ त्याचे प्रयोजन सांगतो, हा वाक्यरचनेचा वाद आहे. २००८ च्या हेलर खटल्यात बहुमताने दुसरा अर्थ स्वीकारून हा हक्क व्यक्तीचा मानला.

(इ) नोंदणी की कबुली? बेकायदा शस्त्र जवळ असलेल्याने नोंदणी केली तर तो स्वतःच गुन्ह्याची कबुली देतो. न केली तर तोही गुन्हा. ही कोंडी १९६८ च्या हेन्स खटल्यात मांडली गेली. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, या पाचव्या दुरुस्तीतील तत्त्वाचा बचाव न्यायालयाने मान्य केला. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा बदलला. नोंदणीतील माहिती आधीच्या वा त्या वेळच्या गुन्ह्यासाठी पुरावा म्हणून वापरता येणार नाही, अशी तरतूद झाली; १९७१ मध्ये सुधारित कायदा वैध ठरला.

४. कर शून्य झाल्यावर

२०० डॉलरचा हा आकडा दशकानुदशके बदलला नाही. २०२५ च्या नव्या कायद्याने मात्र सायलेन्सर व आखूड नळीची शस्त्रे यांवरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला; मशीनगनवरील कर कायम राहिला. नोंदणीची सक्ती तशीच आहे आणि ती मोडणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

यातून नवी आव्हाने उभी राहिली आहेत. वसूल करण्यासारखे काहीच नसेल, तर नोंदणी कोणत्या महसुलाला साहाय्य करते, असा आक्षेपकांचा प्रश्न आहे. २०१२ मध्ये आरोग्यविम्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात ‘दंड’ म्हटलेल्या रकमेला कर मानले होते; काही ना काही महसूल मिळणे हे कराचे आवश्यक लक्षणही त्याच वेळी सांगितले होते. याउलट, आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा केंद्राचा अधिकार या कायद्याला पुरेसा आहे, असे समर्थक म्हणतात.

५. सारांश

१९२२ मध्ये ‘कर’ हा दंड ठरला, तर २०१२ मध्ये ‘दंड’ हा कर ठरला. कायद्यात संज्ञेचा अर्थ केवळ तिच्या नावाने नव्हे, तर ती करीत असलेल्या कार्याने निश्चित होतो. ते कार्यच संपले, तर तिच्या आधाराने उभ्या असलेल्या तरतुदींचे काय होते, हे या उदाहरणातून तपासून पाहता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सॉन्झिन्स्की खटल्यात नोंदणी कोणत्या कारणाने वैध ठरली? कर शून्य झाल्यावर ते कारण टिकते काय? आपले मत सकारण लिहा.
२. हेन्स खटल्यातील कोंडी आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. ‘कर’, ‘शुल्क’ आणि ‘दंड’ या शब्दांचे मराठी व्यवहारातील अर्थभेद उदाहरणांसह सांगा.