दारी फुलवा नागवेल

सत्यनारायणाची पूजा असो की मंगळागौर, विड्याच्या पानांशिवाय चालत नाही. रायपूरसारख्या कडक उन्हाळ्याच्या गावीही ही पाने घरच्या कुंडीत मिळू शकतात. 2022 मध्ये जिल्ह्याच्या नावात आलेले छुईखदान तर पानांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध! तिथले शेतकरी वेल गवत-बांबूच्या मांडवाखाली, म्हणजे 'बरेजा'त जपतात. घरीही तेच तत्त्व पाळावे: सावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला निरोगी वेलाची तीन-चार पेरांची कांडी घ्यावी. माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून दोन पेरे मातीत जातील अशी लावावी. आधाराला खडबडीत काठी द्यावी. मे महिन्यात पारा 43 अंशांवर गेला की कुंडी पूर्वेच्या भिंतीशी हलवून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे.

खरा धोका मात्र पावसाळ्यातच. कुंडीत पाणी साचले की बुरशीने बुंधा काळा पडून कुजतो, पाने पिवळी पडतात आणि हिरवागार वेल पाहता पाहता माना टाकतो. तेव्हा उपाय उरत नाही. रोगट वेल मातीसकट टाकावा. म्हणून कुंडीचे भोक मोकळे ठेवावे. पावसाआधी 10 ग्रॅम मोरचूद व 10 ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून एक लिटर बोर्डो मिश्रण बनवावे आणि त्याच दिवशी बुंध्याशी ओतावे. खायच्या पानांवर मात्र ते उडू देऊ नये.

पाने खालून खुडावीत, शेंडा राखावा. वेल वर्षानुवर्षे साथ देईल.