उकिरड्यावर वाढलेले रान

उद्योग हवेत की झाडे? या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या धारावीत, मिठी नदीच्या काठी उभे आहे.

एका बाजूला धारावीतील चामड्याचे कारखाने, कुंभारवाड्याच्या भट्ट्या आणि शिवणयंत्रांची घरघर. तर नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या उंच इमारती. या दोहोंच्या मधोमध सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. येथे फुलपाखरे बागडतात, पक्षी घरटी बांधतात. शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना खरेसुद्धा वाटत नाही, की हे रान कचऱ्याच्या ढिगांवर वाढले आहे!

१९७० च्या दशकापर्यंत येथे शहराचा कचरा टाकला जाई. तो थांबला तेव्हा वांद्रे-कुर्ला परिसराच्या विकासाचे आराखडे तयार होत होते. इतक्या मोक्याच्या जागेवर इमारती बांधण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने तेथे निसर्ग उद्यान करण्याचे सुचवले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ही सूचना मान्य केली. विकासाची जबाबदारी असलेल्या संस्थेनेच जागा निसर्गासाठी राखून ठेवली, हे विशेष.

मग कचऱ्यावर माती पसरण्यात आली आणि रोपे लावण्यात आली. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनीही येथे रोप लावले. पाचोळा कुजून मातीला कस येत गेला, झाडे वाढली, तसे पक्षी आणि कीटक आपणहून आले. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी उद्यान लोकांसाठी खुले झाले.

परंतु राखून ठेवलेली जागा कायमची सुरक्षित असते काय? २०१८ मध्ये धारावी पुनर्विकासाच्या क्षेत्रात या उद्यानाचेही नाव आले. निसर्गप्रेमी नागरिक स्वस्थ बसले नाहीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अखेर २०२३ मध्ये, उद्यान पुनर्विकासाचा भाग नसल्याचे न्यायालयात स्पष्ट करण्यात आले.

धारावीतील कुटुंबांना चांगली घरे हवीत, हातांना कामही हवे. मात्र दाटीवाटीच्या वस्तीतील मुलांना सावलीही तितकीच हवी. आराखड्यात झाडांसाठी आधीच जागा सोडली, तर दोन्ही शक्य आहे. पण कागदावरील हिरवा रंग आपोआप टिकत नाही; त्यासाठी नागरिकांनाच जागे राहावे लागते.